खोललेलं कॉमिक

गेल्या रविवारी रहाटणीत गाडी सर्व्हिसिंगला टाकली आणि दोन तास रिकामे मिळाले. त्या गॅरेजच्या वरच्या खोलीत जुनी कॉमिक्स मिळतात, असं ऐकून होते... जिना चढले.

शब्बीरभाई पूर्वी खालीच मेकॅनिक होते. आता गॅरेज त्यांचा मुलगा बघतो आणि ते रविवारी वर बसतात. एक टेबल, एक ट्यूबलाइट, भिंतीला लागून खोकी. खोक्यांवर अजून स्पेअर पार्टची नावं आहेत... क्लच प्लेट, ब्रेक शू... आत कॉमिक्स.

त्यांच्यासमोर नुकताच आलेला एक गठ्ठा होता आणि ते भाव ठरवत होते. मी स्टुलावर बसून बघत राहिले.

आधी ते कॉमिक नाकाजवळ नेतात. कधी ओल लागली असेल, तर वासावरून कळतं. मग मधलं पान उघडून पिना बघतात... गंज किती आहे, पिना मूळच्या आहेत की नंतर मारलेल्या. शेवटी अंगठ्याने पानं मोजतात, एकेक करून. भाव मागच्या पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने, अगदी बारीक.

पस्तिशीतलं एक गिऱ्हाईक हुज्जत घालत होतं. चकचकीत कव्हरचं कॉमिक स्वस्त आणि विटलेलं महाग, हा काय हिशेब, असं त्याचं म्हणणं. शब्बीरभाईंनी मान वर केली नाही.

"पेंट बघून गाडी घेतो का राव तू? याचं इंजिन खोललंय."

खोललेलं म्हणजे मूळच्या पिना काढलेलं. अशा कॉमिकचा भाव निम्मा. एकदा खोललं की आतलं एखादं पान गेलं का, बदललं का, याची खात्री कोणी द्यायची...

पुढचं कॉमिक त्यांनी उचललं. त्याला पिना नव्हत्या. पाठीवर निळ्या दोऱ्याचे टाके होते, तीन लांब, दोन आखूड. मी तो दोरा ओळखला.

मी लहान असताना आई चिंचवडला आमच्या कामगार कॉलनीत कॉमिक्स भाड्याने द्यायची. सुट्टीत दाराबाहेर मुलांची रांग असायची. पिनांचा गंज पानांना लागतो, म्हणून नवं कॉमिक आलं की ती त्याच दिवशी पिना काढून ते शिवायची. दोरा डांगरीचा. कंपनीतल्या लोकांच्या कामावर घालायच्या निळ्या डांगऱ्या ती शिवून द्यायची, त्यातलाच.

चार वर्षांपूर्वी आम्ही मोशीला फ्लॅटमध्ये आलो, तेव्हा दोन पोती कॉमिक्स मी रद्दीत घातली. किलोवर. आईला सांगितलं, एका शाळेच्या लायब्ररीला दिली. तिला बरं वाटलं होतं. नंतरही मधूनच विचारायची, मुलं वाचतात का गं... मी हो म्हणायचे.

शब्बीरभाईंनी कॉमिक हुंगलं, पाठ बघितली, "खोललेलं" म्हणाले आणि साठ रुपये लिहून बाजूला ठेवलं. पानं मोजली नाहीत.

मी विचारलं, का नाही मोजली.

"निळा दोरा असला की मोजत नाही, ताई. शिवणाऱ्याने मोजलेली असतात. तीस-चाळीस आली माझ्याकडे, एक पान कमी निघालं नाही."

मग भाव निम्मा का, असं मी म्हटलं. खोललंय ते खोललंय, ते म्हणाले, सगळ्यांना नियम एकच. जरा थांबून स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "कोणीतरी उस्ताद माणूस आहे. फक्त गाठ कुठे मारतो, ते सापडत नाही."

माझी आई, असं मी सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. गाठीचं विचारा मग त्यांना, म्हणाले... भाव साठच राहिला.

गाडी तयार असल्याचा फोन आला, तरी मी बसून होते. कॉमिक घरी नेलं, तर ते शाळेतून इथे कसं आलं हे सांगणं आलं. ठेवून निघून जाता आलं असतं. आईला काही कळलं नसतं.

घेतलं.

आईला आता बारीक दिसत नाही. तिने पाठीवरून बोट फिरवलं आणि अंगठ्याने पानं मोजायला लागली. बत्तीस. पुरी होती.

"शाळेने विकली का गं?"

हो म्हणणं फार सोपं होतं... मी सांगितलं, शाळेत दिलीच नव्हती. रद्दीत घातली होती.

आईने कॉमिक मिटून मांडीवर ठेवलं. मग म्हणाली, "चार वर्षं मी त्या मुलांचा विचार करतेय. कोण वाचत असेल, कोण पानं दुमडत असेल."

मी तिला शब्बीरभाईंचं सगळं सांगितलं... वास, पिना, निम्मा भाव, आणि निळा दोरा दिसला की ते काय करतात ते. निम्म्या भावाबद्दल तिची तक्रार नव्हती. दुसरी गोष्ट मात्र तिने परत विचारली.

"अजिबात मोजत नाही?"

अजिबात नाही, मी म्हटलं.

गाठीचं विचारलं, तर म्हणाली, गाठ नसतेच. गाठीने पान फाटतं. शेवटचा टाका मागे फिरवून दोरा त्याच भोकातून आत घ्यायचा, आपोआप धरतो.

मग तिने एक टाका सैल झालाय म्हणून शिवणाचा डबा मागितला. निळ्या दोऱ्याचं एक रीळ तळाशी अजून होतं. सुई तिने माझ्याकडे दिली, ओवायला. माझा दोरा तीनदा चुकला... ती थांबून राहिली.

तिने मला माफ केलं का, ते मी विचारलेलं नाही. सुई माझ्या हातात दिली, तेवढं मला पुरेसं आहे.