बाळ बोटीत झालं नाही

त्या बोटीत फ्रिज होता. पांढऱ्या रेक्झिनचा सोफा होता, काचेच्या खिडक्यांची केबिन होती, छतावर उन्हात लोळायला गाद्या होत्या. फक्त स्ट्रेचर आत न्यायचं म्हटलं तर केबिनचं दार पुरत नव्हतं. असली बोट एका शेठनं आमच्या दवाखान्याला ‘दान’ केली. त्या शब्दाचा मला आजही संताप येतो.

मी सरकारी नर्स होते. जवळजवळ सगळी नोकरी सिरोंचा तालुक्यात गेली. निवृत्त झाल्यावर नदीकाठच्या एका लहान धर्मादाय दवाखान्याच्या कमिटीवर मला घेतलं. पलीकडच्या गावांना तोच दवाखाना जवळचा. पूल नाही, माणसं लाकूड कोरून केलेल्या डोंग्यातून येतात, अडलेली बाईही डोंग्यातूनच येते. म्हणून आम्ही एका साध्या, सपाट बुडाच्या मोटरबोटीसाठी दारोदार हात पसरत होतो. रेतीवर अडणार नाही आणि बाई आडवी झोपू शकेल, एवढंच आमचं मागणं होतं.

ते मागणं एका मोठ्या शहरातल्या शेठच्या कानावर गेलं. त्यानं धरणाच्या पाण्यात फिरायला हौसेनं बोट घेतली होती. हौस फिटली, बोट काठावर सडू लागली, आणि मग त्याला आमची आठवण झाली.

आमचे डॉक्टर संस्थेचे सेक्रेटरी. त्यांनी कमिटीत सगळं समजावून सांगितलं. वस्तू दान केली तर शेठला करात सूट मिळत नाही, पैसे दिले तरच मिळते. म्हणून शेठ संस्थेला चेक देणार, आणि त्याच पैशातून संस्थेनं शेठच्या मेव्हण्याकडून ती बोट विकत घ्यायची. बोट कागदावर मेव्हण्याची होती. किंमत लावली होती नव्या बोटीची.

मी विचारलं, "म्हणजे पैसा त्यायचा, त्यायच्याच घरी वापस जाते. मंग सूट कायची?"

"बाई, ते सारं कायद्यात बसते."

"कायद्यात बसते हो, नदीत बसते का? हिवाळ्यात आपल्या नदीत गुडघ्याएवढं पाणी राह्यते."

एक सभासद हसून म्हणाले, "धर्माची गाय अन् दात काऊन नाई, असं करून राह्यल्या बाई तुम्ही."

सगळे हसले. धर्माची गाय! तिचे पैसे तर आम्ही पुरे मोजणार होतो. मी विरोधात हात वर केला. माझा एकटीचाच हात होता.

बोट ट्रेलरवर चढून आली. हार घातले, नारळ फोडला, पेपरात फोटो आला. चालवायला शहरातून आलेला माणूस महिन्याभरात कंटाळून निघून गेला. मग दवाखान्याच्या जीपचा ड्रायव्हरच बोट चालवू लागला. पावसाळाभर ती कशीबशी चालली.

हिवाळा लागला आणि एका सकाळी पलीकडच्या गावातून फोन आला. पहिलटकरीण होती, कळा सुरू होत्या. मी दवाखान्यातच होते. डॉक्टर म्हणाले, "बाई, बोट घेऊन जा. इतकी मोठी बोट असून डोंग्यात कायले आणता?"

जाताना आम्ही खोल पाण्यानं लांबून वळसा घेत गेलो. तिच्या गावाच्या घाटावर पोरीला आणि तिच्या सासूला बोटीत घेतलं. केबिनच्या दारातून स्ट्रेचर जाईना, म्हणून पोरीला बाहेर फळ्यांवरच निजवलं. परत येताना वजन वाढलेलं. नदीच्या मधोमध बोटीचं बूड रेतीत रुतलं. ड्रायव्हरनं इंजिन रेटलं, काळा धूर निघाला, आणि इंजिन बंद पडलं ते पडलंच.

सासू माझ्याकडे बघत म्हणाली, "बाई, आता वं?"

आता काय! बाळाचं डोकं दिसत होतं. बोट एका अंगाला कलली होती आणि पोर फळ्यांवरून घसरत होती. बाजूलाच रेतीचा कोरडा पट्टा होता. आम्ही तिघांनी तिला उचललं आणि पाण्यातून त्या पट्ट्यावर नेलं. सासूनं लुगड्याचा आडोसा धरला. ड्रायव्हर पाठ करून उभा राहिला. माझ्या पिशवीत हातमोजे, दोरा, ब्लेड होतं, तेवढ्यावर मी तिला मोकळं केलं. मुलगी झाली. ती रडली तेव्हा मला हायसं वाटलं, पण आईचं रक्त थांबेना. मी पोटावर हात दाबून बसले होते आणि वर मान केली की ती पांढरी बोट दिसत होती. जन्मात कुणाला दिल्या नसतील अशा शिव्या मी त्या शेठला दिल्या.

शेवटी मासेमारी करणाऱ्या एकाचा डोंगा आला. त्यानं जाळं रेतीवर टाकलं आणि आम्हाला दवाखान्यात पोचवलं. मायलेकी दोघी वाचल्या.

काही आठवड्यांनी शेठ पाहुण्यांना घेऊन आला. दवाखान्यासमोर मांडव घातला होता. नव्या आईला आणि तिच्या सासूला पुढच्या रांगेत बसवलं होतं. ते कशासाठी, हे शेठ बोलायला उठल्यावर कळलं. भरल्या गळ्यानं तो म्हणाला, "माझ्या बोटीत एका चिमुकलीनं जन्म घेतला. यापेक्षा मोठं पुण्य कुठलं?"

टाळ्या पडल्या. डॉक्टरांनीही वाजवल्या. मी उभी राहिले.

"बोटीत नाही झालं. तुमची बोट रेतीत रुतली होती. बाळ रेतीवर झालं, आणि आई डोंग्यातून आली म्हणून वाचली."

शेठ कसनुसं हसला. "बाईंना नीट आठवत नसेल..."

तेव्हा सासू बसल्या जागेवरून ओरडली, "त्यायले आठवते नं! मी लुगडं धरून उभी होतो. रेतीवर झाली माही नात!"

मग कुणीतरी घाईघाईनं चहा फिरवायला लावला.

पाहुणे गेल्यावर डॉक्टर माझ्याजवळ आले. "बाई, चारचौघांत शेठची इज्जत काढली तुम्ही."

"मी काय खोटं बोलली?"

"खोटं नाई बोलल्या. पण बोलल्या काऊन?"

मी छत्री उचलली आणि घरी आले. पुढच्या निवडीत कमिटीतून माझं नाव गेलं. शेठला करात सूट मिळाली, मेव्हण्याला किंमत मिळाली. इंजिन दुरुस्तीला गेलं ते परत आलं नाही. आता बोट काठावर पडून आहे आणि बाया अजून डोंग्यातूनच येतात.

अलीकडे डॉक्टर बाजारात भेटले. थकलेले दिसत होते. साध्या बोटीसाठी त्यांनी पुन्हा खटपट सुरू केली होती. जिथे जातील तिथे लोक तो पेपरातला फोटो काढून दाखवतात.

"म्हणतात, एवढी मोठी बोट तुमच्याजवळ हाय, मंग दुसरी कायले पाह्यजे?" डॉक्टर म्हणाले.

मी पिशवीत भाजी भरली आणि घरचा रस्ता धरला.