पांढरं लुगडं आणि मालकीणबाईंची मांजरी

लातूर नवा जिल्हा झाला आणि आमच्या ह्यांची बदली नांदेडहून तिथल्या नव्या कचेरीत झाली. लग्नाला अजून वर्षही झालं नव्हतं. कचेरीत खुर्च्या यायच्या होत्या, पण कारकून चारी दिशांनी येऊन पडले होते, त्यामुळं भाड्याची खोली मिळता मिळत नव्हती. त्यात दुष्काळ. घरमालक भाड्याच्या आधी पाण्याचं सांगायचे आणि पाण्याच्या आधी एक प्रश्न विचारायचे, तुम्ही कोणापैकी? आम्ही बौद्ध. तसं सांगितलं की ती खोली नेमकी कालच कुणाला तरी दिलेली असायची.

चौथ्या घरी ह्यांनी 'आम्ही नांदेडकडचे' एवढंच सांगितलं. आमचं आडनाव गावावरून पडलेलं, त्यातून काही उमगत नव्हतं. मालकीणबाई पन्नाशीच्या, विधवा, एकट्या राहणाऱ्या. त्यांनी पुढं विचारलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही. बुद्धाची तसबीर मी माझ्या मायच्या पांढऱ्या लुगड्यात गुंडाळली आणि पेटीच्या तळाशी ठेवली. मायनं दीक्षा घेतली तेव्हा नेसलेलं ते लुगडं. लग्नात तिनं ते मला दिलं होतं.

मालकीणबाईंची एक मांजरी होती. पिवळी, गुबगुबीत, डोळ्यांत कमालीचा आगाऊपणा. बाई तिला मांडीवर घेऊन भाकरीचा मऊ पापुद्रा भरवायच्या. समोरच्या प्लॉटवर बांधकाम चाललं होतं आणि तिथं वाळूचा मोठा ढीग होता, तोवर मांजरीचं आणि माझं काही वाकडं नव्हतं. मग पाण्याअभावी बांधकाम थांबलं आणि चोरीच्या भीतीनं मालकानं वाळू गाडीत भरून नेली. अंगणात सगळी शहाबादी फरशी. चार दिवसांनी माझ्या उशीला वास आला.

उशीनंतर गादी, गादीनंतर ज्वारीच्या पोत्याचा कोपरा. एकदा ह्यांनी घरी आणलेली कचेरीची फाईल. ती फाईल ह्यांनी दिवसभर पत्र्यावर वाळवली आणि साहेबांपुढं ठेवताना श्वास रोखून उभे राहिले. मी मात्र हसण्याच्या मनःस्थितीत नव्हते. मला सगळीकडं तोच वास यायचा. भाजी फोडणीला टाकली तरी मध्येच नाक वर करून हुंगायची, हे कचेरीतून आले की त्यांच्या सदऱ्याचाही वास घ्यायची. जेवता जेवता उठून गादी उलटून बघायची. माझं घर आणि मीच त्यात चोरासारखी वावरत होते.

धुवायचं म्हटलं तर पाणी कुठून आणायचं? नळ आठ दिवसांनी यायचा. बाईंच्या अंगणात सिमेंटचा हौद होता, त्यातून रोज दोन बादल्या आमच्या, मीच बुडवून भरायची. आंघोळीचं पाणी घमेल्यात धरायचं, त्यात कपडे, कपड्यांच्या पाण्यात फरशी. त्याच उष्ट्या पाण्यात मी गादीची खोळ धुवायची. वास जायचा नाही आणि वास राहिला की मांजरी पुन्हा तिथंच यायची. राख चोळली, रिठा लावला, डांबरगोळ्या ठेवल्या, शेवटी फिनेल ओतलं. फिनेलनं तर वास दुप्पट झाला. नाकी नऊ आले माझ्या.

बाईंना एक शब्द बोलायची सोय नव्हती. बोलले आणि त्यांनी राग धरला तर? रागात त्यांनी आमची चौकशी केली तर? ही खोली गेली तर पाचवी कुठं शोधायची? म्हणून मी, जी माहेरी कुणाचं ऐकून घेत नसे, ती त्या मांजरीला हटसुद्धा करायची नाही. उलट बाई समोर असल्या की 'ये गं बाई, ये' म्हणायची. आज ते आठवलं की माझी मलाच शरम वाटते.

वैशाखात मायचं कार्ड आलं. बुद्धपौर्णिमेला येते, तुझं घर बघायचंय, माझं लुगडं काढून ठेव, दोघी मिळून वंदनेला जाऊ. माय आदल्या दिवशी लोह्याहून निघणार, अहमदपूरला गाडी बदलून संध्याकाळपर्यंत पोचणार. त्या दिवशी सकाळी मी पेटी उघडली. लुगड्याला कोंदट वास लागला होता, वारा द्यायला हवा होता. दुसरी कुणी असती तर अंगणात दोरीवर टाकलं असतं. मी टाकलं नाही. पांढरं लुगडं बघून बाईंनी विचारलं तर काय सांगू? मी ते आतल्या खोलीत बाजेवर पसरलं, दार लोटून घेतलं आणि तांदूळ निवडायला बसले.

तांदूळ निवडून आत गेले तर मांजरी बाजेवरून उडी मारून खिडकीतून पसार झाली. लुगड्याच्या मधोमध पिवळा ओला डाग, आणि ती पुढच्या पायांनी पदर ओढून ओढून तो झाकायची खटपट करून गेली होती.

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. त्या दिवसाच्या दोन्ही बादल्या संपलेल्या. उष्ट्या पाण्यात हे लुगडं मी बुडवणार नव्हते. मी ते तसंच हातात घेतलं आणि अंगणात गेले. बाई हौदाजवळ शेंगा फोडत बसल्या होत्या.

"काकू, तुमच्या मांजरीनं माझ्या मायचं लुगडं नासवलंय. मला दोन बादल्या चांगलं पाणी पाहिजे."

"अगं, मुकं जनावर ते. चादर-बिदर असंल, उद्या धू की."

"चादर न्हाई, काकू. दीक्षेचं लुगडं हाय. आम्ही बौद्ध हाव. उद्या पौर्णिमा हाय, माझी माय हे नेसणार हाय."

बोलून गेले. इतके महिने दडवलेलं एका दमात सांगून बसले होते. बाईंच्या हातातली शेंग हातातच राहिली. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग लुगड्याकडं. मला वाटलं, आता म्हणतील, सामान उचला.

त्या तसं म्हणाल्या नाहीत. मी बादली घेऊन हौदाकडं वळले तशा त्या लगबगीनं उठल्या. "ऱ्हाऊ दे, तिथंच ठेव बादली. निसरडं झालंय, पडशील. मीच घालते." आणि त्यांनी तांब्यानं, वरून, माझ्या बादलीत पाणी ओतायला सुरुवात केली.

निसरडं व्हायला अंगणात पाणी होतं कुठं? फरशीवर पाय भाजत होते. पण खोली राहिली होती, पाणी मिळत होतं, आणि मी 'बरं काकू' म्हणून खाली बघत उभी राहिले. लुगडं दोनदा धुतलं आणि अंगणात दोरीवर उघडं वाळत टाकलं. उन्हात ते अर्ध्या तासात कडक झालं. नाक लावलं तर वास अजून थोडा होता.

संध्याकाळी माय आली. पाणी प्यायली, भिंतींवरून नजर फिरवली आणि म्हणाली, "तसबीर कुठं हाय गं?"

मी रडतच सगळं सांगितलं. मांजरी, वाळू, पेटी, तांब्यानं ओतलेलं पाणी, सगळं. ती रागावेल असं वाटलं होतं. तिनं लुगडं हुंगून पाहिलं. "लई न्हाई येत वास," म्हणाली. मग मांजरीचं विचारलं. "अगं, तिला माती लागती उकरायला. झाकायला जागा न्हाई मिळाली की ती बिचारी कुठंबी करती. फुटकं घमेलं बघ, त्यात माती भर आन् दाराबाहेर ठेव." मी चार महिने रिठे घासले होते आणि मायनं जोडे काढल्या काढल्या तोड सांगितली. बाईंच्या पाण्याबद्दल मात्र ती काहीच बोलली नाही. मला तेच जास्त लागलं.

सकाळी ती लवकर उठली. ह्यांच्याकडून खिळा ठोकून घेतला, तसबीर लावली. मग लुगडं नेसली आणि बादली घेऊन अंगणात गेली. मी मागं धावले.

मांजरी हौदाच्या काठावर पुढचे पाय टेकून, मान आत घालून चपचप पाणी पीत होती. बाई शेजारीच तुळशीला हळद-कुंकू वाहत होत्या. मायच्या हातात बादली दिसताच त्या तांब्या घेऊन पुढं आल्या. "थांबा बाई, मी घालते की. निसरडं हाय."

माय थांबली. तिनं मांजरीकडं पाहिलं, मग बाईंकडं. आवाज जराही चढवला नाही.

"तिला कुठं वरून घालताव तुम्ही?"

तिनं मांजरीला दोन्ही हातांनी अलगद उचललं आणि बाईंच्या हातात दिलं. मग वाकून बादली हौदात पार बुडवली. बाई मांजरीला छातीशी धरून तशाच उभ्या होत्या.

माय भरलेली बादली माझ्यापुढं ठेवून म्हणाली, "आता दुसरी तू भर."

मी रिकामी बादली घेऊन पुढं झाले. ती हौदात पार बुडवली आणि भरून काढली.