मावससासूबाईंची बातमीबंदी

उज्जैनमध्ये त्या वर्षी जेवढ्या म्हणून वाईट बातम्या निघाल्या, त्यातल्या निम्म्या तरी माझ्या मावससासूबाईंनी आमच्या दारातून परत पाठवल्या, हे मी कुणापुढेही सांगायला तयार आहे. मला पहिल्यांदा दिवस राहिले होते. फ्रीगंजच्या डॉक्टरीणबाई बोलता बोलता म्हणाल्या, की आईची फार ओढाताण झाली, सतत काळजी राहिली, खाण्यापिण्याचे हाल झाले, तर पोटातल्या बाळाच्या मेंदूच्या वाढीवर त्याचा परिणाम होऊ शकतो. मावशी शेजारीच बसल्या होत्या. घरी येताच त्यांनी पदर खोचून फर्मान काढलं, "आजपासून ह्या घरात फक्त चांगलं बोलायचं. टेन्शनवालं काही असेल तर जिन्याखाली बोलून यायचं." यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, आई गेल्यावर मावशींनीच वाढवलेलं होतं. त्यामुळे मावशींचा शब्द म्हणजे आमच्या घरातला शेवटचा शब्द असे.

दुसऱ्या दिवसापासून वर्तमानपत्र माझ्या हाती खिडक्या पाडून येऊ लागलं. अपघात, चोऱ्या, संप, पूर, सगळं मावशी कात्रीनं कापून काढत. उरत असे ते साड्यांचा सेल आणि राशिभविष्य. एकदा माझ्या राशीला "मनस्ताप" निघाला, तेव्हा राशीही गेली. केबल टीव्ही नवीनच आला होता. मालिकेतली नायिका रडायला लागली की मावशी आवाज बंद करायच्या आणि स्वतः गोष्ट सांगायच्या, "भाऊ परत आला ना तिचा, म्हणून खुशीत रडून राहिलीय." पुढच्याच आठवड्यात त्या भावाच्या फोटोला हार दिसला. मावशी म्हणाल्या, सत्कार आहे. मी तरी किती ठिकाणी मान डोलावणार! शेजारची शर्माइन गॅसचं सिलिंडर मिळत नाही म्हणून रडकुंडीला येऊन आली, तर मावशींनी तिला जिन्यातच थांबवलं, "पहले यहीं रो लो बहन, फिर अंदर आओ. चाय बनाती हूँ." बिचारी खरोखर तिथं रडून आत आली आणि हसत हसत चहा प्यायली.

पण कहर केला तो थाळीनं. आमचं भाड्याचं घर क्षिप्रेकडे जाणाऱ्या रस्त्यावर होतं आणि रोज एखादी तरी अंत्ययात्रा खालून जायची. "राम नाम सत्य है" माझ्या कानी पडू नये म्हणून मावशी लांबून चाहूल घेत, खिडक्या लावत आणि पितळी थाळी घेऊन चमच्यानं बडवत सुटत. आता माळव्यात थाळी केव्हा वाजवतात, तर घरात मुलगा झाला की! पहिल्याच दिवशी शेजारणी बताशे मागायला हजर झाल्या. मला जेमतेम चौथा महिना होता. त्या माझ्या पोटाकडे बघत राहिल्या, मी त्यांच्याकडे. त्यात ज्यांच्या घरची अंत्ययात्रा होती, ती मंडळीही संध्याकाळी विचारायला आली, की आमचे आजोबा गेले याचा तुम्हाला एवढा आनंद का? मावशींनी त्यांनाही जिन्यातच थोपवलं. मला कळायचं ते इतकंच, की थाळी वाजली म्हणजे कुणीतरी गेलं.

पाचव्या महिन्यात परदेशी मालाला देशाचे दरवाजे उघडले म्हणत होते आणि हे ज्या मिलच्या ऑफिसात होते तिचे बंद झाले. मला अर्थातच कुणी काही सांगितलं नाही. उलट हे पेढे घेऊन आले आणि प्रमोशन मिळालं म्हणाले. मग मला काही केल्या हिशेब लागेना. प्रमोशन झालं, पण दूध निम्म्यावर आलं. टेबलफॅन "दुरुस्तीला" गेला तो आलाच नाही. हे पूर्वीसारखेच डबा घेऊन सकाळी निघत, पण येत तेव्हा पायांना वाळू लागलेली असे. माझ्या ताटात मात्र तूप, भाजी, शेंगदाण्याचा लाडू जिथल्या तिथं. मावशींनी महाकालासाठी सोमवार धरला, मग मंगळनाथासाठी मंगळवार, मग गुरुवार, शनिवार. "इतके उपास कशाला हो मावशी?" म्हटलं तर म्हणायच्या, "पुण्य जमा करून राहिलेय बाळासाठी. तू खा." मी खायची आणि घास तोंडात फिरायचा, कारण काहीतरी बिघडलंय हे दिसत होतं आणि काय ते विचारायची सोय नव्हती. रात्र रात्र मी कुशी बदलत असायची. म्हणजे माझ्या पोटातल्या मेंदूसाठी चाललेल्या ह्या खटाटोपानं मलाच घोर लावला होता.

ही कोंडी फोडली दादांनी. दादा म्हणजे मावशींचा एकुलता एक मुलगा. पस्तिशीचे, दणकट, पण बुद्धीनं पाचसहा वर्षांच्या मुलाएवढे. भैरवगढला छपाईच्या कारखान्यात धुतलेल्या चादरी नदीकाठी वाळत घालायचं काम ते करीत. नात्यानं मोठे दीर, पण गल्लीतली मुलं म्हणतात म्हणून तेही मला वहिनीच म्हणत. वाईट बातमी म्हणजे काय, हे त्यांना समजावायचं मावशींच्या डोक्यातच आलं नव्हतं. एका दुपारी येऊन ते सरळ म्हणाले, "वहिनी, नंदूनं आजपण डबा नाही खाल्ला. माझ्याजवळ वाळूत बसून राहतो रोज. मिलला मोठ्ठं कुलूप लागलंय ना!" नंदू म्हणजे आमचे हे. मला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. मी त्या दिवशी गाढ झोपले, कितीतरी दिवसांनी. मात्र कळलंय हे मी कुणालाच कळू दिलं नाही. हे ऑफिसातल्या गमती रचून सांगत, मी त्यांना साहेबांची तब्येत विचारी, आणि मावशी दोघांकडे समाधानानं बघत राहत.

मुलगी झाली. मावशींनी थाळी वाजवली आणि कुणीही आलं नाही, सगळ्यांना वाटलं अंत्ययात्रा असेल! यांना फ्रीगंजमध्ये एका एसटीडी बूथवर काम मिळालं, उपास सुटले. पण मावशींची मुलीच्या मेंदूची परीक्षा सुरू झाली. किल्ल्यांचा जुडगा डावीकडून उजवीकडे फिरवायचा आणि डोळे फिरतात का बघायचं, दिवसभर. मुलगी कंटाळून झोपली की मावशींचा चेहरा उतरायचा. चौथ्या महिन्यात लस टोचायला नेली, तेव्हा त्यांनी डॉक्टरीणबाईंना विचारलंच, "माँ कितना रोये तो बच्चे का कितना दिमाग जाता है?" बाई हसल्या नाहीत. "माँजी, ऐसा हिसाब नहीं होता," त्या म्हणाल्या. "असर पड़ता है, पर किसी एक बच्चे को देखकर कोई नहीं कह सकता कि इसी वजह से हुआ. और पैदा होने के बाद भी दिमाग बनता रहता है. गोद में लो, बातें करो."

मावशी जाऊन आता बरीच वर्षं झाली, पण ती दुपार मला अजून जशीच्या तशी दिसते. घरी आल्यावर त्या गॅलरीत भिंतीला टेकून बसल्या. दादा दोरीवर दुपटी वाळत घालत होते. मावशी माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "दादा पोटात होता आणि त्याचे वडील गेले. सासरी पोटभर मिळायचं नाही. मी फार रडले गं तेव्हा. आवरायला हवं होतं ना मी?" नाही म्हणावं तर मला काय ठाऊक, आणि हो तर म्हणवतच नव्हतं. डॉक्टरीणबाईंचं बोलणंही अर्धंच आठवत होतं. मी मुलीला उचलून मांडीवर घेतलं.

दादांनी ऐकलं होतं. ओलं दुपटं हातात तसंच धरून ते वळले. "आई, तू रडायचीस तर तुला गप्प कोण करायचं?"

मावशींनी वर बघितलं. "कोणी नाही रे," त्या म्हणाल्या.

दादांनी थोडा विचार केला. मग दुपटं कठड्यावर टाकलं, आईला खेटून बसले आणि ओल्या हातानं तिची पाठ थोपटू लागले. "मग आता रड," ते म्हणाले. "मी बसून राहिलोय ना इथं."

आणि मावशी रडल्या. माझ्या मांडीवरची मुलगी डोळे मोठे करून त्यांच्याकडे बघत होती. मी तिचं तोंड वळवलं नाही.