वगळलेले अकरा फॉर्म

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. ना प्रबंधाच्या सरांना, ना संघटनेत, ना आईला. तुला सांगतेय. मध्ये अडखळले तर अडखळू दे.

तू मला गेटसमोर घोषणा देणारी म्हणून ओळखतोस. "कंत्राटी कामगार म्हणजे बोटं गमावणारा कामगार" हे पत्रकातलं वाक्य माझं. त्याखाली छापलेला विद्यापीठातल्या अभ्यासाचा आकडा — तोही माझाच.

एम.ए.ला मी अर्थमिती, म्हणजे अर्थशास्त्रातली आकडेमोड, घेतली ती रागानं. आकडे नेहमी मालकांच्याच बाजूनं का बोलावेत? प्रबंधाचा विषय ठरवला: चाकण पट्ट्यात पत्रा दाबणाऱ्या प्रेसवर कंत्राटी कामगारांना जास्त इजा होतात का? महाळुंग्यात शिफ्ट सुटली की गेटबाहेर उभी राहून फॉर्म भरून घ्यायचे. उत्तर मला आधीच ठाऊक होतं — असं मला वाटत होतं.

एका कारखान्याच्या जुन्या प्रेस-शॉपमधल्या अकरा परमनंट लोकांचेही फॉर्म भरले. जवळजवळ प्रत्येकाला कधी ना कधी लागलेलं. त्यातले दत्ताकाका, निवृत्तीला आलेले, अर्ध्या बोटानं माझा फॉर्म ठोकत म्हणाले, "पोरी, परमनंट-कंत्राटी काय लावलंयस? मशीनच म्हातारं झालंय. हात आत हाय का भाईर, त्याला कळतंय व्हय? शेन्सर बसवा म्हनावं. त्ये लिही."

लिहिलं. फॉर्मच्या पाठीमागे.

आकुर्डीच्या खोलीवर लॅपटॉपवर मॉडेल चालवलं. ज्या आकड्यावर भरवसा ठेवता येतो, त्याच्याशेजारी निकालात तारे येतात. माझ्या आकड्याशेजारी एकही नाही. वय घातलं, ओव्हरटाइम घातला — नाही. पत्रक छपाईला जायचं होतं, संघटनेतले सगळे माझ्या फोनची वाट बघत होते. मग मशीन किती जुनं, तो कॉलम घातला. कंत्राटीचा आकडा जवळपास शून्यावर आला. मशीनच्या वयाशेजारी तीन तारे.

चूक झाली असती तर बरं झालं असतं. महत्त्वाचा घटक बाहेर ठेवला की निकाल खोटं बोलतो, हे मी ज्युनिअर पोरांना फळ्यावर शिकवत होते. मला सगळं कळत होतं. मी तो कॉलम काढला. मग त्या अकरा परमनंटांच्या ओळी निवडल्या आणि डिलीट केल्या.

तारे आले.

तोंडी परीक्षेत सरांनी विचारलं, "ही निरीक्षणं का वगळलीत?" मी म्हणाले, "आउटलायर होती, सर. बाकीच्यांत न बसणारी." त्यांनी मान हलवली. आजही कुणी "तुझा डेटा पाठव ना" म्हणालं की मी विषय बदलते.

आंदोलन जिंकलो. मागणी एकच होती, परमनंट करा. सेन्सरचा शब्दही पत्रकात नव्हता. कशाला असेल? सुनील, माझ्यासोबत पत्रकं वाटणारा कंत्राटी पोरगा, परमनंट झाला. पेढे घेऊन आला, म्हणाला, "दत्ताकाकांचीच प्रेस मिळाली, ताई." मी पेढा खाल्ला. तेव्हा तरी तोंड उघडायला काय झालं होतं?

सात महिन्यांनी त्याच्या डाव्या हाताची तीन बोटं गेली.

दवाखान्यात भेटायला गेले. हात एवढा मोठा बांधलेला, आणि हा हसत होता. "निदान परमनंट झाल्यावर गेली, ताई. कंत्राटी असतो तर दुसऱ्या दिवशी गेटवरच अडवलं असतं मला. तुझ्यामुळं नोकरी वाचली." त्याची बायको चहा आणायला खाली गेली. आम्ही दोघंच होतो. सांगता आलं असतं.

"आराम कर," म्हणाले आणि उठले.

त्या वेळी त्या प्रेसवर दुसरा कुणीतरी उभा होता. जिना उतरताना मला ते माहीत होतं.