रिकाम्या घरातली हाक

भरलं घर ओसाड करून दाखवावं ते माझ्या धाकट्या दिरांनीच. या कामात त्यांचा हात धरणारा माणूस अख्ख्या जालना जिल्ह्यात सापडायचा नाही. पोटासाठी ते लग्नाचे व्हिडिओ काढतात, पण पाहुणे उठून गेल्याशिवाय त्यांच्या कॅमेऱ्याला जाग येत नाही. घनसावंगीच्या एका लग्नात त्यांनी एकमेकींवर चढवलेल्या खुर्च्या, पंख्याच्या वाऱ्यावर हलणारी झेंडूची माळ आणि स्टेजवर राहिलेली एक चप्पल सावकाश टिपली आणि वर स्वतःच्या खोल आवाजात निवेदन घातलं, 'इथे आत्ता माणसं होती.' नवरीचे वडील पेनड्राइव्ह घेऊन थेट आमच्या जालन्यातल्या मस्तगडच्या घरी आले. "अहो, लग्न झालं का मयत?" भाऊजी शांतपणे म्हणाले, "काका, माणसं गेल्याबिगर लग्न दिसतच न्हाई." घरातही तेच. मी जाळी काढायला झाडू उचलला की, "वहिनी, राहू द्या ना, त्याच्यावर उजेड काय भारी पडून राह्यला!" संध्याकाळी दिवा लावायला गेले की, "जरा थांबा, अंधार पुरा होऊ द्या."

मागच्या वर्षी मामंजींच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, घशाचं ऑपरेशन ठरलं. आवाज जाणार, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. घर सुन्न झालेलं असताना भाऊजींनी जाहीर केलं, "फिल्म करायची. आपल्या घराची. आवाज दादांचा." वडिलांना ते दादा म्हणतात. सासूबाई कडाडल्या, "जित्या माणसाचं भूत करून राह्यला का रे?" रडत बसून काम होत नसतं. चहा, बॅटऱ्या आणि सासूबाईंची समजूत ही तीन खाती मी घेतली आणि दिवस ठरवून टाकला.

शूटिंगला भाऊजींनी आम्हा सगळ्यांना गल्लीत उभं केलं. शेजारच्या काकू घाबरून धावत आल्या, "काय झालं? दादा बरे हायेत ना?" मामंजी आमच्यातूनच म्हणाले, "मी बराय, बाई. घर रिकामं करून राह्यलेत फक्त." आत कुणीही नसलेल्या स्वयंपाकघरात चहा उतू जात होता आणि भाऊजी तो प्रेमाने टिपत होते.

मग निवेदन. भाऊजींनी 'काळोख', 'अनंत' वगैरे शब्द पेरून पानभर लिहिलं होतं. मामंजींनी दोन ओळी वाचून कागद बाजूला सारला. "हे माझ्या तोंडात बिलकुल बसत न्हाई." भाऊजी नेहमीप्रमाणे माइक बंद करायचं विसरले आणि मामंजी आपले रोजचं बोलत राहिले. दार लोटून घ्या, मांजर येतं. कोण आलंय, बघा. भाऊजींनी पुढे तो पानभर मजकूर फेकून दिला आणि हेच ठेवलं.

ऑपरेशननंतर मामंजी घरी आले, जरा सावरले, तेव्हा एका दुपारी पडदे ओढून आम्ही फिल्म पाहिली. ऐकून कान किटलेली वाक्यं, रोज घासते ती कपबशी. आणि तरी माझ्या अंगावर काटा आला. दार हळूच उघडतं, चौकटीत कुणी नसतं, आणि आवाज म्हणतो, 'कोण आलंय, बघा.' चित्र सांगत होतं घरात कुणी नाही, आवाज सांगत होता आहे. मी दोनदा मागे वळून आमचंच दार पाहिलं.

मग वाफाळणाऱ्या पातेल्यावर तो आवाज आला, 'अगं, ऐकलं का?'

"आले, आले," म्हणत सासूबाई उठल्या आणि स्वयंपाकघराकडे निघाल्यासुद्धा. उंबऱ्याशी थबकल्या. हाक मारणारा माणूस घशाला पट्टी बांधून शेजारच्याच खुर्चीवर बसला होता. मामंजींनी नुसता हात पुढे केला, तो धरून त्या खाली बसल्या. बराच वेळ पदर तोंडाशी होता. मग म्हणाल्या, "मागं घे रे ते. अजून एकदा बोलवू दे."

भाऊजींनी निमूट फिल्म मागे घेतली. या वेळी सासूबाई ओ द्यायला आधीच तयार होऊन बसल्या होत्या, आणि मामंजी पडदा सोडून त्यांच्याकडेच पाहत होते.