दोरीचं दुसरं टोक

फ्रान्समधल्या त्या जुन्या बागेत आमच्या सहलीतले सगळे फोटो काढत होते. एक म्हाताऱ्या बाई मात्र एक डोळा मिटून झाडांच्या रांगा पाहत होत्या. नऊवारीवर बहुधा मुलाचा कोट, पायांत त्याचेच बूट.

"उभं बघा, आडवं बघा, कुठंच वाकडं न्हाई," त्या म्हणाल्या. बोली आमच्या हिंगोलीकडची होती.

बागेलगतच्या महालातल्या संग्रहालयात माळ्यांची जुनी अवजारं होती. दोन खुंट्यांना गुंडाळलेल्या दोरीपाशी त्या थांबल्या.

"अशीच दोरी ताणून आमी सरकी लावतो. एका टोकाला मी, दुसऱ्याला मालक. तुमी कुठले, दादा?"

"सेनगावचा. वडील शेती करतात."

"त्यांचं दुसरं टोक कोण धरतं?"

"माझा धाकटा भाऊ."

"मग बरं हाय. एकट्याचं काम न्हाई ते."

मला भाऊ नाही. मी नोकरीला गेल्यापासून वडील एक टोक खुंटीला बांधतात आणि प्रत्येक ओळीसाठी शेतभर मागं-पुढं चालतात. लागवडीला मला कधी सुट्टी मिळाली नाही. या सहलीसाठी पंधरा दिवसांची मिळाली.

बाई पुढच्या दालनात गेल्या. मी तिथंच उभा राहिलो. ती दोरी हातात धरावी आणि पलीकडून वडिलांनी "ताण जरा" म्हणावं, असं फार वाटलं.