झेंडूच्या माळेखालचं मेन

आकाराम फौजेतनं परतला तो लष्कराच्या लिलावातला हिरवा जनरेटर बैलगाडीत घालून. वडूजच्या अलीकडच्या आमच्या वाडीत तेव्हा वीज नवी होती, आणि येण्यापेक्षा जाण्यातच तरबेज होती. वीज गेली की आकाराम आधी मेनचा दांडा खाली पाडायचा, म्हणजे घराचा खांबाशी संबंध तुटायचा. मग जनरेटरची वायर बोर्डाला जोडून घरापुरते दिवे लावायचा. मेन चालू राहिलं तर घरातली वीज उलटी खांबावर चढते, हे त्यानं वाडीला शिकवलं होतं. वाडीलाही आपल्या या माणसाचा अभिमान होता.

चौऱ्याहत्तर सालची खंडेनवमी. त्याच्या बायकोनं, लीलाबाईनं, विळे-खुरपी पुजली, जनरेटर पुजला. भिंतीवरच्या मेनलाही कुंकू लावून झेंडूची जाड माळ घातली. दुपारी पावसाची सर आली आणि वीज गेली. घरामागच्या परड्यातली कोंबडीची शंभर पिल्लं दिव्याच्या उबेवर वाढत होती. ती गारठून एकमेकांवर चढायला लागली.

"आवं, पुजलेल्याला आज हात लावत न्हाईत," लीलाबाई म्हणाली.

"पहाऱ्यावरच्याची बंदूक कुणी पूजेला ठेवत न्हाई. मेन पाडलंस?"

"व्हय, सकाळीच. पुसायला."

समोरच्या खांबावर वायरमन कृष्णात तारेशी झटत होता. आकारामनं वायर जोडली, जनरेटरची दोरी हाताला गुंडाळली. आणि सोडली. दुसऱ्याचं 'व्हय' कानानं ऐकायचं, पण हातानं बघायचं, ही त्याची जुनी खोड. घरात जाऊन त्यानं माळेत हात घातला. दांडा वर होता, मेन चालूच.

त्यानं तो खाली ओढला आणि उंबऱ्यावर बसला.

"लीला, पूजेनंतर रेडिओवर सांगलीची गाणी कुठल्या विजेवर ऐकलीस गं?"

लीलाबाईनं तोंडावर पदर धरला.

"काय गड्या," खांबावरनं कृष्णात ओरडला, "पिल्लं मेल्यावर चालू करतोस व्हय?"

आकाराम हसला. उठून त्यानं दोरी पुन्हा हाताला गुंडाळली. एका ओढीत जनरेटर सुरू झाला. दिवे लागले, आणि पिवळा ढीग हळूहळू मोकळा झाला.

कृष्णात खाली उतरला तेव्हा आकारामनं काही लपवलं नाही. कृष्णात बराच वेळ आपले तळहात बघत राहिला.

"वैनी," तो शेवटी म्हणाला, "ताट वाढा. लय भूक लागली."

त्यानं पाच पुरणपोळ्या खाल्ल्या. लीलाबाई डोळे पुसत वाढत होती.